नावाचं कडवं

'पारंपरिक' हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझं डोकं फिरतं. परवा नातीच्या शाळेत गॅदरिंग होतं. सात-आठ मुली नऊवारी नेसून, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, आगगाडी करून स्टेजवर आल्या आणि नाचायला लागल्या, 'धूर दिसला गं लांब, जरा थांब गाडी थांब.' पालकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मागच्या रांगेतून कुणी इंजिनाची शिट्टी मारली. हातातल्या पत्रिकेत छापलं होतं : लोकगीत, पारंपरिक. मी उठलो आणि बाहेर आलो. नात दोन दिवस रुसली होती. सूनबाई शेजारणीला म्हणाल्या, "बाबांना गोंगाट सोसत नाही आताशा." गोंगाट मला उत्तम सोसतो. सगळी हयात मी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आहे. सोसत नाही तो खोटेपणा.

पारंपरिक म्हणजे काय हो? म्हणजे कुणाचंच नाही. वाटेत पडलेलं सापडलं, उचललं, खिशात घातलं. पण या गाण्याला धनी होता. तो ईट गावात राहायचा, कपडे शिवायचा आणि त्याच्याइतका तापट माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. त्याचं नाव गेनबा.

मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला त्या सुमारास माझी बदली भूम तालुक्यातल्या ईटला झाली. गावात गेलो त्या आठवड्यात सदऱ्याचं माप द्यायला गेनबाच्या दुकानात शिरलो. दुकान कसलं, घराची पडवीच ती. पायमशीन, खाली चिंध्यांचा ढीग, भिंतीला टांगलेला डफ. गेनबा चाळिशीचा, उंच, हडकुळा, दोन्ही भुवया मधे जुळलेल्या, त्यामुळे तो हसला तरी रागावल्यासारखा दिसायचा. अर्थात हसायचा क्वचितच. मशीन चालू होतं आणि तो गात होता. पायाचा ठेका आणि गाण्याचा ठेका एकच. मधेच पाय थांबायचा, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटणं व्हायचं, मग खडूनं समोरच्या कापडावरच दोन शब्द लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. मनासारखी ओळ जुळली की मशीन पुन्हा खडखडायला लागायचं. ईटच्या कितीतरी माणसांच्या सदऱ्यांना आतल्या बाजूनं गेनबाच्या गाण्यांच्या ओळी होत्या. पहिल्या धुण्यात त्या जायच्या.

मी कौतुकानं मान डोलवली आणि नकळत गुणगुणायला लागलो. मशीन थांबलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "गानं ऐकायचं का म्हनायचं? येक काय त्ये ठरवा. दोन्ही मिळून नासतंय."

मी माप द्यायला उभा राहिलो. मग त्यानं माप घेतलं आणि वहीत टिपलं. वही बघून मी चमकलो. सगळी उर्दू अक्षरं. निजामाच्या शाळेत गेनबा तिसरीपर्यंत शिकला होता आणि तिथं जी लिपी गिरवली तीच त्याची. मराठी गाणी तो उर्दू अक्षरांत लिहायचा, तीही मापाच्याच वहीत. एका ओळीत 'छाती छत्तीस, बाही एकवीस', तिच्या खालच्या ओळीत सासुरवाशिणीचं रडगाणं. मीही त्याच राजवटीत उर्दूतून शिकलेलो. मी सहज ती ओळ वाचून दाखवली, तर त्याच्या भुवया पहिल्यांदा जरा सुट्या झाल्या. "तुमाला वाचता येतंय व्हय! मंग बसा." त्या दिवसापासून संध्याकाळी शाळा सुटली की माझं बूड त्याच्या पडवीत टेकलेलं असायचं.

त्याच्या रागाचे किस्से गावभर होते. पाटलाच्या लग्नात गाणं चालू असताना व्याही मोठ्यानं बोलला, तर गेनबानं डफ काखेत मारला आणि जेवण टाकून चालत घरी आला. एका बाईनं त्याचं गाणं चुकीच्या चालीवर म्हटलं, तर तिची चोळी शिवायची थांबवून त्यानं तिला पडवीत बसवून चाल पाठ करून घेतली आणि मगच चोळी दिली. तिचा नवरा भांडायला आला. त्यालाही बसवलं. गेनबाचा साथीदार दस्तगीर, जातीनं पिंजारी, तुणतुणं वाजवायचा आणि मागं धृपद धरायचा. तो मला म्हणायचा, "गुरुजी, हमारे गेनूभाईचं डोस्कं गरम हाय, पर दिल साफ. गान्यात कुनी खोट केली तरच भडकतंय." हे अगदी खरं होतं. घरात, बाजारात, कापड कमी भरलं तरी तो कुणावर ओरडला नाही. त्याचा सगळा संताप एका जागी साठवलेला होता, आणि ती जागा म्हणजे गाणं.

हा संताप मला नीट समजला तो येडशीला, रामलिंगाच्या यात्रेत. श्रावणातली दुपार होती. झाडाखाली गाणाऱ्यांचे फड बसले होते. सास्तूरकडचा एक तरणा गाणारा उभा राहिला आणि त्यानं सुरू केलं, 'धूर दिसला गं लांब.' गळा अप्रतिम. लोक पुढं सरकले. मी गेनबाकडं पाहिलं. तो मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होता.

*पयल्या डब्यात बाजरी, दुसऱ्या डब्यात कापूस*
*तिसऱ्या डब्यात गर्दी, त्यात न्हाय माझं मानूस*

अशी चार कडवी झाली. पाचव्याला त्या गाणाऱ्यानं आपलं स्वतःचं नाव घातलं. गेनबा ताडकन उभा राहिला आणि दोनच शब्द बोलला.

"शेवट म्हन."

सगळा जमाव त्या गाणाऱ्याकडं वळला. मला काही कळेना. दस्तगीरनं मला कानात समजावलं. आमच्या भागातल्या गाणाऱ्यांचा तो कायदा होता. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव असतं. ते कडवं रचणाऱ्यानं एकट्यानं म्हणायचं, मागच्यांनी तेव्हा गप्प बसायचं. आणि मुख्य म्हणजे ते कडवं कधी कागदावर घालायचं नाही. बाकी गाणं लिहा, वाटा, पण शेवट तोंडातच राहिला पाहिजे. ज्याच्याकडं शेवट, त्याचं गाणं. दुसऱ्याला ते गायचं असेल तर त्यानं धन्याकडं जाऊन शेवट मागून घ्यावा आणि त्याच्या नावानं गावं. कुणी चोरून गायला आणि धन्यानं सभेत उभं राहून 'शेवट म्हन' म्हटलं, तर खरा शेवट म्हणून दाखवायचा, नाहीतर डफ खाली ठेवायचा.

त्या तरण्यानं डफ खाली ठेवला.  गेनबा पुढं झाला, डफ उचलून कपाळाला लावला आणि शेवटचं कडवं स्वतः म्हणाला. ते ऐकल्यावर गाणं कुणाचं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. मग डफ त्यानं त्याला परत दिला. "गळा ग्वाड हाय तुजा. मागून घ्यायचं, पोरा. दुसरं कंचंबी माग, देतो. ह्ये तेवडं न्हाय मिळायचं." दोघं एका फडक्यावर भाकरी खायला बसले.

'हे तेवढं नाही' असं का, ते मी परतीच्या वाटेवर विचारलं.  गेनबा एकदम माझ्यावर खेकसल्यासारखा बोलला.

"भैनीचं हाय त्ये. सोनीचं. हितंच दिलती तिला, येडशीच्या शेजारी. सरपनाचा भारा घिऊन रोज गाडीच्या टायमाला ठेसनात जायची. बार्शीकडनं आलेली गाडी. उतरनाऱ्या हरेक मान्साला इचारायची, ईटकडचं कुनी हाय का म्हनून. लोक हसायचे. पंचमीला न्यायला येतो म्हनून म्या सांगावा धाडलता. आन् गेलो न्हाय. फडावर गेलो. कुनाला तरी हरवायचं हुतं मला. त्या म्हैन्यात तापानं गेली ती."

एवढंच. पुन्हा तो त्याबद्दल कधी बोलला नाही. पण शेवटच्या कडव्यात तिचं नाव होतं. 'गेनू ईटकर सांगतो, सोनाबाईचा मी भाऊ' अशी त्याची सुरुवात. बाकीच्या गाण्यांच्या शेवटी गेनबा एकटा असायचा, याच्या शेवटी ती दोघं असायची. म्हणून ते कुणाला द्यायचं नाही.

आता मी माझ्याकडं येतो. माझं नाव मी इथं लिहिणार नाही. ते एकदा छापून झालं आहे, तेवढं पुरे.

दोन वर्षांनी सरकारी जीपमधून एक कलापथक आलं. पुढारी एक शहरातले शाहीर. पांढरा फेटा, सोनेरी किनार, चष्मा, बोलणं असं की साखर सांडावी. त्यांना सगळे शाहीरसाहेब म्हणत. 'गावोगावचं अस्सल लोकधन' गोळा करायला निघालो आहोत, म्हणाले. गाव हरखलं. चावडीसमोर भर दुपारी गेनबाचं गाणं झालं. शाहीरसाहेबांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी गेनबाला मिठी मारली. आज आठवलं तरी माझ्या अंगाची आग होते, पण तेव्हा मीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यांनी गाण्यांची वही मागितली. वही उर्दूत, त्यांना वाचता येईना. मी पुढं झालो. चार दिवस शाळा सुटल्यावर बसून गेनबाची बावीस गाणी मी बाळबोध लिपीत उतरवली, वळणदार अक्षरात, लाल शाईनं मथळे देऊन. प्रत्येक गाण्याच्या शेवटी मी गेनबाला म्हणायचो, "शेवटचं कडवं सांगा." तो मान हलवायचा.

"अहो, सरकारी माणसं आहेत. नाव राहील तुमचं."

"शेवट माज्याकडं हाय, गुरुजी. शेवटाबिगर त्ये गात्यात कसं? आडत्यात की. मंग येत्याल मागाया."

मला ते पटलं. याच गोष्टीची मला आजही चीड येते. मी शिकलेला, मला दुनिया माहीत असायला हवी होती. पण यात्रेतला तो प्रकार मी डोळ्यांनी पाहिला होता आणि मला वाटलं, जगात सगळीकडं असंच असणार. वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ईट गावची गाणी'. आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, सुबक वेलबुट्टी काढून, 'लेखन' असं म्हणून माझं नाव. गेनबाचं नाव लिहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. गाणी गेनबाची आहेत हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. कुणाला सांगायचं होतं?

पावसाळा गेला. ग्रामपंचायतीत नवा रेडिओ आला होता, पिंपळाला कर्णा बांधला होता. एके दिवशी ग्रामसेवक धावत आला, उद्या संध्याकाळी रेडिओवर गेनबाचं गाणं लागणार, पत्र आलंय. अख्खं गाव कर्ण्याखाली जमलं. गेनबा धुतलेला सदरा घालून पुढं बसला होता, शेजारी दस्तगीर. माणसं गेनबाकडं बघून हसत होती, तोही त्या दिवशी चक्क हसत होता.

गाणं लागलं. सुरुवातीलाच इंजिनाची शिट्टी. मग बायकांचा खिदळण्याचा आवाज. मग ढोलकी, आणि एक बाई लाडात येऊन 'जरा थांब गाडी थांब' म्हणत होती, जणू गाडीत तिचा यार बसला आहे. गेनबाचं हसू गेलं, पण तो हलला नाही. तो शेवटाची वाट बघत होता. चार कडवी झाली. पुन्हा धृपद झालं. पुन्हा शिट्टी. आणि गाणं संपलं. मग निवेदक म्हणाला, "आपण ऐकलंत एक पारंपरिक लोकगीत." पुढं शाहीरसाहेबांचं नाव आणि पथकाचं नाव.

कर्ण्यातून हवामानाचा अंदाज सुरू झाला तरी कुणी उठेना. गेनबा त्या कर्ण्याकडं बघत होता.

"संपलं?" त्यानं मला विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"शेवटाबिगर संपलं?"

महिन्याभरानं छापील पुस्तिका आली. ग्रामसेवकानं मला अभिनंदन म्हणत हातात दिली. आत बावीस गाणी, जशीच्या तशी. मुखपृष्ठावर शाहीरसाहेबांचा फोटो. आणि शेवटच्या पानावर आभार, 'गीतसंकलनात मोलाचं साहाय्य' म्हणून माझं नाव, पदवीसकट. गेनबाचं नाव अख्ख्या पुस्तिकेत कुठंही नाही. मी ती लपवायला बघत होतो, पण गावात काय लपतं? गेनबानं ती मागून घेतली. बाळबोध अक्षरं त्याला जुळवत जुळवत वाचता यायची. शेवटचं पान त्यानं बोट ठेवून वाचलं.

"तुमचं हाय की, गुरुजी," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी त्याला धाराशिवला घेऊन गेलो. कलापथक पाठवणाऱ्या सरकारी कचेरीत जे साहेब होते ते घाटाखालून नव्यानं आलेले, चकचकीत. मी सगळी हकिगत सांगितली. गेनबानं मापाची वही पुढं ठेवली. साहेबांनी ती उलटीसुलटी केली.

"हे काय आहे? फारशी?"

"उर्दू आहे साहेब. इकडं शाळा तीच होती," मी म्हणालो आणि वाचून दाखवलं.

"छाती अडतीस," साहेब हसले. "छान. पण यात यांचं नाव कुठं आहे?"

मी कायदा समजावून सांगायला लागलो. शेवट लिहीत नाहीत, का लिहीत नाहीत, सगळं. साहेब घड्याळाकडं बघत होते. एकाएकी गेनबा उभा राहिला आणि त्यानं त्या कचेरीत शेवटचं कडवं म्हटलं. डफ नाही, तुणतुणं नाही. शेजारच्या खोल्यांतले कारकून दारात आले. म्हणून झाल्यावर साहेब म्हणाले, "सुंदर. पण हे तुम्ही कालच जोडलेलं नाही, कशावरून?"

एका टेबलावर टाक होता, दौत होती, कागदांची चळत होती. इतके लिहिणारे हात होते त्या खोलीत. कुणीही ते कडवं लिहून घेतलं नाही. मीही नाही. मी साहेबांशी वाद घालण्यात गुंतलो होतो.

त्या हिवाळ्यात धाराशिवलाच सरकारी शेतकी प्रदर्शन भरलं. मोठा मांडव, सुधारित नांगर, संकरित बियाणं आणि दुपारी मनोरंजनाला शाहीरसाहेबांचं पथक. गेनबा म्हणाला, "आता सभा हाय. आता बगू." त्याच्या मनात रामलिंगाची यात्रा होती. ईटचे पंचवीस-तीस लोक आले होते, सगळे गेनबाच्या बाजूचे. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

गाणं सुरू झालं. चौथं कडवं संपताच गेनबा उठला. हजार माणसांत त्याचा आवाज सरळ मंचावर गेला.

"शेवट म्हना!"

ढोलकी थांबली. शाहीरसाहेबांनी त्याला ओळखलं. मी मंचाजवळ होतो, त्यांचा चेहरा मी पाहिला. क्षणभर ते खरोखर घाबरले होते, कारण कायदा त्यांनाही माहीत असणार. मग त्यांनी फेटा सावरला आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "बंधूंनो, आता राजे गेले, लोकांचं राज्य आलं. या गाण्याचा शेवट एकट्यादुकट्यानं म्हणायचा नाही. हे तुम्हा सगळ्यांचं गाणं आहे! म्हणा माझ्याबरोबर, जरा थांब..." आणि मांडव गर्जला, "गाडी थांब!"

हजार माणसं टाळ्या वाजवत गात होती. गेनबा मधोमध उभा राहून ओरडत होता, "शेवट म्हना! शेवट म्हना!" आणि कुणाला ऐकू येत नव्हतं. मी मागं वळून पाहिलं. ईटचे लोकही गात होते. ज्याच्या अंगातला सदरा गेनबानं शिवला होता तोसुद्धा हात वर करून गात होता. एकटा दस्तगीर तोंड मिटून बसला होता, त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. दोन शिपाई आले आणि त्यांनी गेनबाला दंडाला धरून बाहेर नेलं.

लोकांचं गाणं! किती सोयीचं असतं बघा. ज्याचं आहे त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि सगळ्यांना वाटून टाकायचं, म्हणजे चोरी दानासारखी दिसते. त्या मांडवात मला शाहीरसाहेबांचा जितका राग आला तितकाच माझ्या गाववाल्यांचा आला. आणि त्याहून जास्त माझा, कारण ती वही माझ्या अक्षरातली होती.

त्यानंतर गेनबानं डफ भिंतीवरून काढून माळ्यावर टाकला. मशीन चालायचं, पण नुसतंच. लोक लग्नाकार्याचं बोलावणं घेऊन यायचे, तो कापडावरून मान वर करायचा नाही. 'ते गाडीचं तरी म्हणा' असं एकानं म्हटलं, तर गेनबानं त्याची अर्धी शिवलेली बंडी अंगावर फेकली. सासरी जाणाऱ्या पोरी, पाणी भरणाऱ्या, शेतात खुरपणाऱ्या बायका सगळ्या ते गाणं रेडिओच्या चालीवर म्हणू लागल्या होत्या. त्याच्या पडवीवरून जाताना मात्र गप्प व्हायच्या. चूक त्यांची नव्हती, पण त्यांचं ते गप्प होणं गेनबाला जास्त लागायचं. मला त्यानं कधी येऊ नका म्हटलं नाही. मीच जाणं कमी केलं. समोर बसलो की तो माझ्या हातांकडं बघतोय असं वाटायचं.

पुढं माझी बदली तुळजापूरला झाली. तिथं आठ वर्षं झाली असतील, उन्हाळ्याची सुट्टी होती, भर दुपारी दारावर थाप पडली. गेनबा. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पण तशाच जुळलेल्या. एसटीनं आला होता. देवीला जाऊन आलात का म्हटलं, तर म्हणाला, "तिच्यापाशी काय काम न्हाय. तुमच्यापाशी हाय." पाणी दिलं ते घेतलं नाही. दस्तगीर गेला म्हणाला, पोळ्यानंतर. मग म्हणाला, "वही काडा, गुरुजी. शेवट लिव्हा."

"गेनबा, कायदा?"

"कायदा पाळनारा म्याच येकला उरलो. कुनासंगं पाळू? लिव्हा. गान्याचं काय व्हायचं त्ये हू द्या, पर तिचं नाव कुटंतरी असावं."

मी वही काढली.  नव्या पानावर मी आधी त्याचं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. गेनबानं मधूनच सुरू करता येत नाही म्हणून धृपदापासून धरलं. आवाज फाटला होता, चाल मात्र सरळ होती. शिट्टी नाही, खिदळणं नाही. येडशीच्या स्टेशनात सरपणाचा भारा घेऊन उभी असलेली बाई माझ्यासमोर उभी राहिली. चार कडवी झाली. गेनबानं उजवा हात वर केला, मागच्यांनी गप्प बसावं म्हणून. मागं कुणीच नव्हतं.

"गेनू ईटकर सांगतो, सोनाबाईचा मी भाऊ..."

मी लिहिलं आणि थांबलो. तोही थांबला होता.

त्यानं पुन्हा धृपदापासून धरलं. पुन्हा त्याच ओळीपाशी आला. तिसऱ्यांदा धरलं. मांडीवर हातानं ठेका मारत होता, मग जमिनीवर मारायला लागला, मशीनवर पाय चालवावा तसा पाय हलवायला लागला. नाही. नऊ-दहा वर्षांत त्यानं ते गाणं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. रागानं काढलं नव्हतं. आणि त्या एका तोंडाखेरीज ते दुसरीकडं कुठं नव्हतंच.

मी डोळे मिटून आठवायला लागलो. रामलिंगाला ऐकलं होतं, ईटला कितीदा ऐकलं होतं, कचेरीत तर हातभर अंतरावरून ऐकलं होतं. मला चाल आठवत होती. गेनबाची वर केलेली हनुवटी आठवत होती. त्या पहिल्या ओळीपुढचा शब्द एकही नाही.

"शेवटी 'जाऊ' होतं का? का 'पाहू'?" मी चाचरत म्हणालो. "जुळवून बघू या का आपण?"

"जुळवू नका!" तो असा ओरडला की बायको स्वैपाकघरातून धावत आली. "जुळवायचं आसतं तर मला जुळवता येत न्हवतं व्हय? हजार जुळवली म्या! ती व्हती तीच पायजे!"

मग त्याचा आवाज उतरला. तो माझ्याकडं बघत राहिला. ज्या नजरेची मला इतकी वर्षं भीती होती ती नजर.

"म्या अडानी, गुरुजी. माझं डोस्कं गेलं. पर तुमी शिकलेलं मानूस. इतक्या डाव ऐकलं तुमी. तुमी तरी ध्यानात ठिवायचं हुतं."

तो उठला. मी हाका मारत राहिलो. चपला हातात घेऊन, अनवाणी, तापलेल्या रस्त्यावरून तो एसटी स्टँडकडं चालत गेला.